घरचा बार कसा भरावा: बेळगाव भागातल्या यजमानांसाठी

बेळगावच्या मराठी घरात पै-पाहुणे चारही दिशांनी येतात. कोल्हापूर-गडहिंग्लजचे व्याही, पुण्यात स्थिरावलेले वर्गमित्र, हुबळी-धारवाडचे सहकारी, फोंडा-मडगावकडचे आतेभाऊ अशी सगळी मंडळी एखाद्या लग्नाच्या किंवा वास्तुशांतीच्या निमित्ताने दोन दिवस आधी येऊन उतरतात आणि प्रत्येकाची सवय वेगळी असते. कुणाला पाण्यातली रम लागते, कुणाला सोड्यातली व्हिस्की, कुणी बियरपलीकडे जात नाही आणि निम्मे लोक मुळात पीतच नाहीत. अशा वेळी घरात बार असावा असे वाटले, तर पहिला मोह दुकानातल्या फळीवरची प्रत्येक जातीची एकेक बाटली आणण्याचा होतो. त्या मोहाला बळी न पडता, घरात खरोखर कोण येते हे पाहून मोजक्या पाच-सहा बाटल्या घ्याव्यात आणि उरलेले पैसे बर्फ, सोडा, ग्लास आणि खाण्यावर खर्च करावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. चौथ्या व्हिस्कीने मैफल चांगली होत नाही, पण साडेनऊ वाजता बर्फ संपला तर ती हमखास बिघडते.

आधी घरच्यांचा विचार

आपल्याकडे अनेक घरांत एक तरी माळकरी माणूस असतो. आषाढी-कार्तिकीची वारी करणारे आजोबा, गुरुवार धरणारी आई किंवा श्रावण कडक पाळणारी काकू घरात असेल, तर बारची जागा ठरवताना त्यांच्याशी आधी बोलून घ्यावे. देवघराला लागून असलेल्या खोलीत, स्वयंपाकघराच्या ओट्यावर किंवा जेवणाच्या टेबलाशेजारी बाटल्या मांडू नयेत. गच्चीवरची खोली, बाहेरची पडवी किंवा दिवाणखान्याच्या कोपऱ्यातले बंद दाराचे कपाट या जागा योग्य ठरतात. काचेच्या दाराचे, आत दिवा लावलेले शोकेस दिसायला छान असते, पण घरात शाळा-कॉलेजची मुले असतील तर कुलपाचे लाकडी कपाटच घ्यावे आणि किल्ली एकाकडेच ठेवावी.

आमंत्रण देतानाही पंचांगाकडे एक नजर टाकावी. श्रावण, संकष्टी, एकादशी, नवरात्र आणि गणपतीचे दिवस निम्म्या पाहुण्यांसाठी वर्ज्य असतात. आषाढ अमावास्येच्या आदल्या आठवड्यात मात्र उलट स्थिती असते आणि दुकानांतली गर्दी पाहता त्या दिवसांची खरेदी आधीच उरकलेली बरी. निवडणुकीचा काळ, २ ऑक्टोबर आणि गणेश विसर्जनासारख्या मिरवणुकांच्या दिवशी जिल्हा प्रशासनाच्या आदेशाने विक्री बंद राहते. शिवजयंतीची मोठी मिरवणूक बेळगावात वैशाखात निघते, तेव्हाही वर्तमानपत्रातले आदेश वाचून मगच बेत आखावा.

खरेदी: सीमेवर राहण्याची जोखीम

या भागातला बार भरताना सर्वात जास्त काळजी कुठे घ्यावी लागते, तर ती खरेदीत. चोर्ला घाट उतरला की गोवा आणि शिनोळी किंवा कोगनोळी ओलांडली की महाराष्ट्र, अशी आपली स्थिती आहे. तिन्ही राज्यांचे अबकारी कर वेगवेगळे आहेत, म्हणून एकच बाटली तीन ठिकाणी तीन किमतींना मिळते. गोव्यात ती स्वस्त पडते, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यामुळे गोव्याहून परतताना डिकीत दोन बाटल्या टाकून आणणे ही अनेकांना साधी गोष्ट वाटते, परंतु परवान्याविना दुसऱ्या राज्यातली दारू कर्नाटकात आणणे हा अबकारी कायद्याखाली गुन्हा आहे. चोर्ला मार्गावर कणकुंबीला आणि रामनगरच्या बाजूला अनमोड मार्गावर तपासणी होते, आणि बाटलीबरोबर वाहनही जप्त होऊ शकते. दोनशे-चारशे रुपयांच्या बचतीसाठी गाडी अडकवणे कोणत्याही हिशेबात बसत नाही. गोव्यातली फेणी गोव्यात बसूनच प्यावी. काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि तिचा ताजा, हलका भाऊ असलेला उर्राक तर मार्च ते मे एवढ्याच हंगामात मिळतो. दोन्हींची चव त्यांच्या गावातच उतरते.

तेव्हा घरच्या बारसाठीची बाटली कर्नाटकातल्या परवानाधारक दुकानातूनच घ्यावी आणि बिल मागून घ्यावे. राज्यात २००३ पासून घाऊक वितरण कर्नाटक राज्य पेय महामंडळामार्फतच होते, त्यामुळे दुकान कोणतेही असले तरी माल त्याच वाटेने येतो. एमएसआयएलची सरकारी दुकाने छापील किमतीने विकतात आणि ज्यांना दुकानदाराशी घासाघीस करायची सवय नाही, त्यांना ती सोयीची पडतात. बाटली हातात घेतल्यावर तीन गोष्टी पाहाव्यात. झाकणावरून आडवे गेलेले अबकारी लेबल अखंड आहे का, लेबलावर फक्त कर्नाटकात विक्रीसाठी असे छापले आहे का, आणि बॅच क्रमांक, तयार केल्याची तारीख व किंमत स्पष्ट वाचता येते का. झाकणाची कडी सुटलेली असेल, लेबल पुन्हा चिकटवल्यासारखे वाटत असेल किंवा दोन बाटल्यांतल्या द्रवाची पातळी वेगळी दिसत असेल, तर ती बाटली परत फळीवर ठेवावी.

एका व्यक्तीने जवळ किती साठा बाळगावा याला कायद्याने मर्यादा आहे आणि ती देशी बनावटीची, आयात केलेली, बियर व वाइन यांसाठी वेगवेगळी आहे. मोठ्या समारंभासाठी पेट्या घेण्याआधी अबकारी कार्यालयातून सध्याची मर्यादा विचारून घ्यावी. मंगल कार्यालय, हॉल किंवा फार्महाऊस भाड्याने घेऊन पाहुण्यांना दारू द्यायची असेल, तर त्या दिवसापुरता प्रासंगिक परवाना काढावा लागतो. घरच्या गच्चीवर दहा जण बसणे आणि हॉलमध्ये दीडशे जणांना बसवणे यात कायद्याच्या दृष्टीने मोठे अंतर आहे.

आणखी एक गोष्ट इथल्या घरांत विशेषत्वाने उद्भवते. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावात असल्यामुळे आजी-माजी सैनिकांची घरे इथे पुष्कळ आहेत आणि कॅन्टीनच्या कोट्यातली बाटली शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे सहज फिरते. हा कोटा ज्याचा आहे त्याच्या वापरासाठी असतो आणि त्याची खरेदी-विक्री बेकायदा आहे. सुभेदार काकांनी स्वतःच्या घरी बोलावून स्वतःच्या बाटलीतले दोन पेग दिले तर तो त्यांचा पाहुणचार झाला, पण त्यांच्या कोट्यावर आपला बार भरणे हा वेगळा प्रकार झाला. गावठी आणि हातभट्टीच्या दारूविषयी इतकेच सांगावेसे वाटते की ती बेकायदा तर आहेच, शिवाय तिच्यात मिथेनॉल असण्याचा धोका असतो, आणि मिथेनॉलने डोळे जातात, प्राणही जातात. ती घरात येऊच देऊ नये.

कोणत्या बाटल्या घ्याव्यात

सुरुवातीला दोन व्हिस्की, एक रम, एक जिन किंवा व्होडका आणि एक वाइन इतके पुरे. बियर साठवायची नसते, ती त्या त्या वेळी आणायची असते.

व्हिस्कीच्या दोन बाटल्यांत एक रोजच्या पाहुण्यांसाठी आणि एक खास प्रसंगासाठी, अशी विभागणी करावी. रोजची बाटली सोड्यात किंवा पाण्यात जाणार असते, त्यामुळे ती मध्यम किमतीची आणि सर्वांना ओळखीची असावी. आपल्याकडच्या बहुतेक देशी व्हिस्कींचा पाया मळीपासून काढलेल्या मद्यार्काचा असतो आणि त्यात माल्टची, म्हणजे मोड आणलेल्या जवाची, व्हिस्की मिसळलेली असते. ज्या जिल्ह्यात उगार खुर्दपासून संकेश्वर-गोकाकपर्यंत उसाचे मळे आणि साखर कारखाने पसरले आहेत, तिथल्या माणसाला मळी म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. स्कॉच मात्र धान्यापासूनच बनते आणि ती किमान तीन वर्षे लाकडी पिंपात मुरवावी लागते. खास बाटलीसाठी परदेशी ब्रँडचा हट्ट धरण्याची गरज नाही. बेंगळुरूची अमृत डिस्टिलरीज १९४८ मध्ये सुरू झाली आणि तिने आपली सिंगल माल्ट, म्हणजे एकाच डिस्टिलरीत निव्वळ माल्टपासून गाळलेली व्हिस्की, २००४ मध्ये थेट स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत बाजारात आणली. गोव्यात गाळली जाणारी पॉल जॉनही बेंगळुरूच्याच कंपनीची आहे. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यासमोर आपल्याच राज्यातली सिंगल माल्ट ठेवण्यात वेगळी शोभा आहे आणि गप्पांना विषयही मिळतो. ही बाटली उघडली की तिच्यात सोडा किंवा कोला ओतू नये, थोडे पाणी किंवा बर्फाचा एखादा मोठा खडा एवढेच तिला पुरते.

रमविषयी फार निवड करावी लागत नाही. १९५४ पासून चालत आलेली ओल्ड मंक बहुतेकांना आवडते आणि डिसेंबर-जानेवारीत, बेळगावची थंडी गच्चीवर बोचू लागते तेव्हा, गरम पाण्यातल्या रमइतके काहीच चालत नाही. फौजेतले पाहुणे तर रमच मागतात.

जिन आणि व्होडका यांतून निवडायचे झाले तर मी जिन घेईन, कारण टॉनिक वॉटर, लिंबू, कोकम, आले यांपैकी कशाबरोबरही ती जुळते आणि उन्हाळ्याच्या संध्याकाळी हलकी वाटते. मात्र पाहुण्यांत तरुण मुलेमुली जास्त असतील, तर व्होडकाला मागणी अधिक असते.

वाइनचा विचार आपल्याकडे बहुधा शेवटी होतो. लाल वाइनची एक बाटली घरात असावी, कारण मद्य फारसे न घेणाऱ्या वहिनी किंवा मावशी कधी कधी एक ग्लास वाइन आनंदाने घेतात. नाशिकच्या वाइनरी सर्वांना माहीत आहेत. बेंगळुरूजवळच्या नंदी हिल्स भागातली ग्रोव्हर झाम्पा आणि अकलूजकडची फ्रातेली याही सहज मिळतात. मटणाच्या तिखट रश्श्याबरोबर फार तुरट लाल वाइन कडवट लागते, म्हणून तिखट जेवणासोबत थंड केलेली पांढरी किंवा गुलाबी वाइन अधिक जुळते.

लिकर (गोड, स्वादाचे मद्य), वर्मुथ (मसाल्यांची वाइन), टकीला या बाटल्या पहिल्या वर्षात घेऊ नयेत. सहा महिन्यांत त्यांचे कुणी नाव काढत नाही आणि त्या कपाटात धूळ खात राहतात. पाहुण्यांकडून एखादी विशिष्ट बाटली तीन-चार वेळा मागितली गेली, की मग ती घ्यावी.

न पिणाऱ्यांची फळी

घरचा बार चांगला की वाईट हे न पिणाऱ्या पाहुण्यावरून ठरवावे. चांदीच्या पेल्यासारखा ग्लास व्हिस्कीवाल्याला आणि प्लॅस्टिकच्या कपात कोमट कोल्ड्रिंक माळकरी मामांना, हा प्रकार अनेक घरांत पाहायला मिळतो आणि तो खटकतो. बारच्या कपाटात एक पूर्ण फळी या मंडळींसाठी राखावी. बिनसाखरेचे कोकम आगळ, घरचे आल्याचे सरबत, कैरीच्या दिवसांत पन्हे, लिंबे, पुदिना, काळे मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड एवढे साहित्य असेल, तर सोड्यात पाच प्रकारची पेये करता येतात. दोन चमचे कोकम आगळ, चिमूटभर काळे मीठ, जिरेपूड, थोडा गुळाचा पाक आणि वरून थंड सोडा, हे पेय व्हिस्कीच्याच उंच ग्लासात, त्याच बर्फासह आणि सर्वात आधी द्यावे. माठाचे पाणीही सर्वांच्या हाताशी असावे. दारू पिणाऱ्यालाही दोन पेगांच्या मध्ये एक ग्लास पाणी आग्रहाने द्यावे, आग्रह करायचाच तर तो पाण्याचा करावा.

बर्फ, पाणी आणि सोडा

घरच्या फ्रिजमधल्या एका ट्रेत साधारण पाव किलो बर्फ बसतो. दर माणशी अर्धा किलो बर्फ ग्लासांसाठी आणि बाटल्या थंड ठेवण्यासाठी वेगळा तीन-चार किलो, असा हिशेब धरला तर दहा जणांना आठ-नऊ किलो बर्फ लागतो. तो ऐनवेळी होत नाही. बेत ठरला की तीन दिवस आधीपासून ट्रे भरायचे, गोठले की खडे झाकणाच्या डब्यात काढून फ्रिझरमध्ये ठेवायचे आणि ट्रे पुन्हा भरायचे. झाकण घट्ट नसेल तर मासळीचा किंवा फणसाचा वास बर्फाला लागतो आणि मग तो चांगल्या व्हिस्कीतही उतरतो.

बेळगाव शहराला राकसकोप आणि हिडकलचे पाणी येते, आणि अनेक वसाहतींत ते टाकीत साठवून वापरावे लागते. पावसाळ्याच्या सुरुवातीला ते गढूळही होते. बर्फासाठी म्हणूनच फिल्टरचे किंवा उकळून गार केलेले पाणी वापरावे. मासळी बाजारातल्या लादीचा बर्फ ग्लासात कधीच घालू नये, तो फक्त बियरच्या टबात बाटल्यांच्या भोवती टाकण्यासाठी योग्य आहे. त्या टबात बर्फाबरोबर पाणी आणि मूठभर जाडे मीठ घातले, तर कोमट बियर पंधरा-वीस मिनिटांत गार होते, कारण मिठामुळे पाण्याचे तापमान शून्याखाली जाते आणि पाणी बाटलीला चहूबाजूंनी लागते. नुसत्या बर्फात बाटली खोचून ठेवल्याने हे साधत नाही.

सोडा लहान बाटल्यांत घ्यावा. मोठी बाटली एकदा उघडली की अर्ध्या तासात तिचा जोर जातो आणि शेवटच्या पाहुण्याला मचूळ पाणी मिळते. टॉनिकचेही तसेच आहे, ते कॅनमध्येच घ्यावे. गोटी सोडा मिळत असेल तर दोन-चार बाटल्या जरूर ठेवाव्यात, जुनी मंडळी ती गोटी आत ढकलताना खूश होतात.

साहित्य

याविषयी फार लिहिण्यासारखे नाही. तीस आणि साठ मिलिलिटरच्या खुणांचे पेगमाप, बाटलीचे ओपनर, वाइनचे बूच काढायचा स्क्रू, लांब दांड्याचा चमचा, बर्फाची बादली आणि चिमटा, धारदार छोटी सुरी आणि लिंबू पिळायचे यंत्र एवढे पुरते. शेकर नसेल तर घट्ट झाकणाची स्टीलची बरणी आणि चहाची गाळणी चालते. ग्लास मात्र पुरेसे हवेत. डझनभर उंच आणि आठ बुटके ग्लास, सगळे जाड तळाचे आणि एकसारखे, घ्यावेत. पेगमापाला पर्याय नाही. अंदाजाने ओतणारा हात रात्र चढत जाईल तसा सैल होत जातो.

एका संध्याकाळचा हिशेब

७५० मिलिलिटरच्या फुल बाटलीत ६० मिलिलिटरचे साडेबारा मोठे पेग निघतात, म्हणजे तीसचे पंचवीस. हाफमध्ये सहा आणि १८० मिलिलिटरच्या क्वार्टरमध्ये तीन. समजा, दहा पाहुणे आहेत, त्यांत चार जण पीत नाहीत, तीन व्हिस्कीचे आहेत, एक रमचा आणि दोघे बियरचे. व्हिस्कीवाल्यांना प्रत्येकी तीन मोठे पेग धरले तरी नऊ होतात, म्हणजे एक फुल पुरून उरते. रमचा हाफ पुरे. बियरच्या ६५० मिलिलिटरच्या पाच बाटल्या आणाव्यात. सोड्याच्या आठ-दहा लहान बाटल्या, वीस लिंबे आणि सरबतांचे साहित्य हे बारा जणांचे समजून आणावे, कारण पिणारेही मध्येच तिकडे वळतात.

बियर सौम्य आणि व्हिस्की जड, ही समजूत मोजमाप केल्यावर टिकत नाही, आणि यजमानाने हा हिशेब पक्का लक्षात ठेवावा. बहुतेक देशी व्हिस्की-रमच्या लेबलावर ४२.८ टक्के मद्यार्क लिहिलेला असतो, जुन्या मोजणीतले ७५ अंश प्रूफ ते हेच. म्हणजे ६० मिलिलिटरच्या पेगमध्ये सुमारे २६ मिलिलिटर शुद्ध मद्यार्क जातो. पाच टक्क्यांच्या बियरच्या मोठ्या बाटलीत तो साडेबत्तीस मिलिलिटर असतो आणि आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बियरच्या बाटलीत ५२ मिलिलिटर. एक स्ट्राँग बियर म्हणजे दोन मोठे पेग, असे सरळ गणित झाले. तेरा टक्क्यांच्या वाइनचा दीडशे मिलिलिटरचा ग्लास मात्र मोठ्या पेगपेक्षा कमी भरतो. यकृत हा मद्यार्क ठरावीक गतीनेच जाळते, ताशी साधारण एका लहान पेगइतका. ताक, काळी कॉफी किंवा गार पाण्याची आंघोळ यांपैकी कशानेही ती गती वाढत नाही.

चार पेये, घरच्या साहित्यातली

प्रमाण लक्षात ठेवले की पाककृतींची यादी पाठ करावी लागत नाही. उंच ग्लासातल्या पेयाला एक भाग मद्य आणि तीन भाग सोडा किंवा टॉनिक. आंबट-गोड पेयाला साठ मिलिलिटर मद्य, वीस लिंबाचा रस आणि वीस पाक.

पाकासाठी एक वाटी साखर आणि एक वाटी पाणी विरघळेपर्यंत गरम करून गार करावे. फ्रिजमध्ये तो तीन आठवडे टिकतो. आपल्याकडे उत्तम गूळ मिळतो, त्याचाही असाच पाक करून गाळून घ्यावा. गुळाचा पाक आणि रम यांचे सख्य पाहण्यासारखे आहे, कारण दोन्ही उसाच्याच पोटचे. साठ मिलिलिटर रम, वीस लिंबू, वीस गुळाचा पाक आणि भरपूर बर्फ बरणीत घालून पंधरा सेकंद जोरात हलवावे आणि गाळून बुटक्या ग्लासात द्यावे.

उन्हाळ्यासाठी जिनमध्ये एक चमचा कोकम आगळ आणि वरून टॉनिक. आगळात मीठ असते, म्हणून आधी चाखून पाहावे. व्हिस्कीसोडा करताना ग्लास काठोकाठ बर्फाने भरावा, मग व्हिस्की, मग सोडा कडेने हळू ओतून चमच्याने एकदाच खालून वर उचलावे. कमी बर्फ घातला की तो पटकन वितळतो आणि पेय पाणचट होते. थंडीसाठी साठ मिलिलिटर रम, ठेचलेल्या आल्याचा तुकडा, दोन लवंगा, एक चमचा गुळाचा पाक, लिंबाची चकती आणि दीडशे मिलिलिटर कडक गरम पाणी. पाणी उकळते असताना रम घालू नये, नाहीतर वाफेबरोबर सगळी वर येऊन डोळ्यांत जाते.

चखणा, वेळ आणि परतीची वाट

आपल्या बैठकांची एक खोड आहे. साडेसातला ग्लास भरतात आणि जेवण अकराला वाढले जाते, मधल्या वेळात नुसत्या खारट फरसाणावर पोटे चालतात. मीठ तहान वाढवते, तहान ग्लास रिकामा करते आणि रिकाम्या पोटी मद्यार्क वेगाने रक्तात उतरतो. म्हणून पहिल्या पेगाआधी काहीतरी पोटभरीचे द्यावे. उकडलेली अंडी, पनीर किंवा चिकनचे तुकडे, मिरचीची भजी, ओल्या शेंगा उकडून, रव्यातला बांगडा, असे काही. खानापूर-चंदगड भागातले काजू थोड्या तुपावर मिरपूड घालून परतले, तर बाजारातल्या पाकिटाची आठवण राहत नाही. कांदा, टोमॅटो, कोथिंबीर घातलेले चिरमुरे आणि काकडीच्या फोडी सतत फिरत्या ठेवाव्यात. आणि जेवण साडेनऊला वाढावे. तांबडा-पांढरा आणि जोंधळ्याची भाकरी समोर आली की बहुतेक जण स्वतःहून ग्लास बाजूला ठेवतात.

ओतण्याचे काम एकाच माणसाने करावे आणि त्याने स्वतः कमी प्यावे. दाजींना तिसरा पेग नको असेल तर तो एकदाच विचारावा. एकवीस वर्षांखालच्या कुणालाही देऊ नये, मग तो पुतण्या कितीही मोठा दिसो. झोपेच्या, मधुमेहाच्या किंवा प्रतिजैविकांच्या गोळ्या चालू असलेल्या पाहुण्याला आग्रह करणे थेट धोक्याचे आहे.

गाडीचा प्रश्न आमंत्रण देतानाच सोडवावा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क असताना वाहन चालवणे गुन्हा आहे, आणि पहिल्याच वेळी दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. सत्तर किलोच्या माणसाने रिकाम्या पोटी एक मोठा पेग घेतला तरी ही मर्यादा ओलांडली जाऊ शकते, म्हणजे 'दोनच घेतले' हे उत्तर चालत नाही. कोल्हापूरकडे जाणाऱ्याला वंटमुरी आणि तवंदीचे घाट आहेत, गोव्याकडे जाणाऱ्याला चोर्ल्याचे धुके आहे. अशा पाहुण्यांसाठी गाद्या घालून ठेवाव्यात आणि किल्ली संध्याकाळीच मागून घ्यावी. शहरातल्यांना रिक्षा बोलावून द्यावी किंवा न पिणाऱ्या नातलगाला सोडायला सांगावे.

कुणाला जास्त झाली तर त्याला कुशीवर झोपवावे, एकटे सोडू नये आणि ओकारीसाठी जवळ भांडे ठेवावे. हाक मारूनही उठत नसेल, श्वास मंद किंवा अनियमित वाटत असेल, अंग गार पडत असेल, तर झोपू द्या म्हणत वाट न पाहता १०८ ला फोन करावा.

उरलेल्याची निगा

व्हिस्की, रम, जिन यांच्या बाटल्या उभ्याच ठेवाव्यात. आडव्या ठेवल्या तर तीव्र मद्यार्क बुचाला खातो. बुचाची वाइन मात्र न उघडता आडवी ठेवावी, म्हणजे बूच ओले राहते. पश्चिमेच्या खिडकीचे ऊन कपाटावर येत असेल तर जागा बदलावी. आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत भिंतींना ओल येते, तेव्हा कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढून ठेवावे, नाहीतर लेबले सुटतात, झाकणे गंजतात आणि बुचांवर बुरशी चढते.

उघडलेली पण अर्ध्याहून अधिक भरलेली व्हिस्की वर्षभर चांगली राहते. तळाशी थोडीच उरली असेल तर हवेमुळे तिचा गंध उतरत जातो, ती पुढच्या बैठकीत आधी संपवावी. उघडलेली वाइन बूच लावून फ्रिजमध्ये तीन ते पाच दिवस टिकते, त्यानंतर ती मटणाच्या रश्श्यात घालावी. बियर घेताना तयार केल्याची तारीख पाहावी, सहा महिन्यांच्या आतली घ्यावी, आणि हिरव्या किंवा पांढऱ्या काचेची असेल तर उजेडात ठेवू नये, उजेडाने तिला उग्र वास येतो. चिरलेली लिंबे आणि उघडलेला सोडा दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नयेत.

कपाटाच्या दाराला आतून एक छोटी वही टांगावी. कोण आले, कोणी काय घेतले, काय कमी पडले, काय उरले एवढे दुसऱ्या दिवशी सकाळी लिहून ठेवले की पुढच्या खरेदीची यादी त्यातूनच तयार होते, आणि व्याही काय पितात हे पुन्हा विचारावे लागत नाही. रिकाम्या बाटल्यांची लेबले खरवडून, झाकणे तोडून मगच त्या भंगारवाल्याला द्याव्यात, म्हणजे त्यांत पुन्हा कुणी बनावट माल भरू शकत नाही.